मोऱ्या फोटोतून हटत नाही

चिरंजीव रूपराव यास,

तुझ्या भाऊजीचा, बंडूजीचा, तुझ्याच गावाहून आशीर्वाद (राग आलेला असला तरी नात्याने मोठा आहे, द्यावा लागतो). तुझी सुलोचनाताई खुशाल. तुझे बाबा, म्हणजे आमचे मामाजी, खुशाल. तुमचा म्हातारा बैल मोऱ्या तर सर्वांत खुशाल. बिघडलोय तो मी, आणि त्याला कारण तू.

नागपूरला फोटोच्या दुकानात नोकरी लागली म्हणून तिथला जुना डबा-कॅमेरा माझ्या गळ्यात मारलास. वर उपदेश, की माणसांचे फोटो कोणीही काढतं, भाऊजी, तुम्ही निसर्ग काढा. फोटोत माणूस नको, जनावर नको, आपण तो प्रदर्शनात लावू. मी पडलो भोळा. वर्ध्याच्या कचेरीत सगळ्यांना सांगून बसलो की यंदा प्रदर्शनात माझं नाव दिसेल. (हेडक्लार्क तेव्हापासून मला ‘कलावंत’ म्हणतो, आणि ते कौतुकाने नव्हे.) म्हणून पोळ्याची रजा धरून नालवाडीचं घर बंद केलं आणि सासुरवाडी गाठली. वेणा नदीचं वळण, काठावर फुललेलं कासाचं गवत, पलीकडे कपाशीचं हिरवं रान. आठ फोटोंचं रीळ, आणि आठही जागा मनात ठरलेल्या.

नेमका त्याच दिवशी तुझा निरोप पोचला. मोऱ्या आता नांगराला चालत नाही, पोळा झाला की पुढच्या बाजारी हिंगणघाटला नेऊन विकून टाका. मामाजींनी ऐकून घेतलं. कारभार तुझ्या हाती दिल्यापासून ते तुझ्या शब्दापुढे शब्द काढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर. कॅमेरा पोटाशी धरून वरच्या काचेत पाहतो, तर कासाच्या मधोमध मोऱ्या! शेजारी मामाजी, अंगात लग्नातला काळा कोट, डोक्यावर धुतलेली टोपी. त्यांना टाळायला मी डावीकडे सरकलो. त्या पाजी काचेत डावं ते उजवं दिसतं, हे तू बोलला होतास का? टाळता टाळता मी मोऱ्याच्या शेपटीपाशी पोचलो आणि तिने माझा चष्मा चिखलात पाडला. जावयाने सासऱ्यावर खेकसायचं कसं? दातओठ खात म्हटलं, मामाजी, जरा बाजूला होता का?

“जवाईबापू, नुसत्या गवताचा फोटू काऊन काढून राह्यले? गवत तं दरसाल येते. ह्याचा काढा.”

काढला. कपाशीकडे गेलो, तर दोघे माझ्याआधी तिथे हजर. तिथे मला थांबवून ठेवलं, कारण मोऱ्याच्या शिंगांना हिंगूळ लावायचा होता. असे ढग होते, रूपराव, कापूस पिंजून ठेवल्यासारखे! हिंगूळ वाळेपर्यंत ते वर्ध्याकडे निघून गेले. शिंगं मात्र झकास रंगली होती, त्याने तर माझं डोकं आणखीच तापलं. तुझ्या ताईकडे तक्रार केली, तर म्हणते, “माह्या बाबाले बोलान तं जेवाले मिळनार नाई.” असे सात फोटो गेले.

उरला एक. काल संध्याकाळी, ऊन होतं तोवरच, गोठ्यामागे नदीकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागे पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदशेकणी चालली होती. मामाजी मोऱ्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होते. ना कोट, ना टोपी, माझ्याकडे लक्षही नाही. दरवर्षीचंच बोलणं बोलले, “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.” मग हात तसाच खांद्यावर ठेवून हळूच म्हणाले, “त्याच्या पुढचं मले नोको इचारू, बाप्पा.”

माझं टाळकंच फिरलं. तुझ्यावर फिरलं, मोऱ्यावर नव्हे. नदीकडे पाठ केली आणि खटका दाबला. गेला आठवाही.

असा तू माझा छंद मातीत घातलास. राग पोचावा. लोभ तूर्त शिल्लक नाही.

तुझा संतापलेला,
बंडूजी

ता. क. रीळ यासोबत पाठवतो आहे. प्रदर्शनाचं नाव काढू नकोस. दुकानातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती ते देऊ नकोस. अंधाऱ्या खोलीत तू एकट्याने धू.

पुन्हा ता. क. एक सांगायचं राहिलं. दरवेळी टोपी सारखी करून मामाजी मला एकच विचारायचे, “हे फोटू रूपाच धुईन ना?” मी हो म्हटलं की मगच ते समोर पाहायचे. सात फोटोंत ते तुझ्याकडे पाहत उभे आहेत. आठव्यात त्यांना कोणी पाहतंय हे ठाऊक नव्हतं. तो धुऊन झाला, की बाजाराचं काय ते तूच येऊन त्यांना सांग. मी जावई माणूस, मला ते जमणार नाही.