सूपभर कोंडा

आई, तू वाचायला शिकली नाहीस आणि मी साधे लिहायला शिकलो नाही. त्यामुळे हे पत्र तुझ्या हयातीत लिहिले असते तरी तुझ्यापर्यंत पोहोचले नसतेच. मी तोंड उघडले की तू म्हणायचीस, "जेवतोयस का पोथी सांगतोयस?" आप्पांच्या शिवणयंत्राच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाने भोरच्या शाळेत देवभाषेचे अध्यापन करावे, ही घटना दुसऱ्या कुणाच्या तरी घरी घडल्यासारखी तुला अखेरपर्यंत वाटत राहिली. आता मी पंचेचाळिशी ओलांडली आहे. उदराचा यथास्थित विस्तार झाला आहे. विद्यार्थी माझी नक्कल करतात, आणि ती मुळाहून सरस असते असे अंतःस्थ गोटातून कळते. तुला जाऊन तपाहून अधिक काळ लोटला. तरीही काल वेल्ह्याच्या बाजूला जाऊन आलो, आणि तेथे जे कानी पडले ते तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखे नाही.

माझ्या आगमनाची कथा तू कधी लपवली नाहीस, हे मान्य केलेच पाहिजे. डोंगरातल्या एका बाईचे मुलगे एकामागून एक जात होते. म्हणून माझी पाचवी पुजून होताच तिने मला तुझ्या ओटीत टाकले आणि तुझ्याकडून सूपभर कोंडा घेतला. कोंड्याच्या मोलाचा जीव न्यायला यम कशाला श्रम घेईल, असा त्यामागचा विचार. आणि तुझ्या घरात कधी पाळणाच हलला नव्हता, तेव्हा यमाला त्या घराची वाटही ठाऊक नसावी, ही पुरवणी. शेजारणींना, गिऱ्हाइकांना तू माझ्यादेखत सांगायचीस, "सूपभर कोंड्याला घेतलाय, आन ऐट बघा कशी!" त्याचा मला कधीच राग आला नाही. शल्य होते ते या प्रथेच्या उत्तरार्धाचे. मूल पाच वर्षांचे झाले, धोका टळला, की जन्मदात्रीने तेवढाच कोंडा परत आणून द्यायचा आणि मूल माघारी न्यायचे, असा या व्यवहाराचा शिष्टसंमत शेवट असतो. मला कुणी नेले नाही. म्हणजे हा शास्त्रोक्त उभयतःपाश झाला: एक तर त्यांना मी नको होतो, अथवा तू मला दिले नाहीस. पहिला पक्ष खरा असेल तर मी टाकलेला, दुसरा खरा असेल तर तू चोर. दोहोंपैकी एकही सिद्ध होऊ नये म्हणून अस्मादिकांनी अर्धे आयुष्य प्रमाणे गोळा करण्याचे कटाक्षाने टाळले.

एकदाच विचारले होते. पानशेतच्या धरणाचे काम तेव्हा चालू होते, आणि तिकडचा कुणी मुकादम आप्पांकडे सदरे शिवायला टाकून गेला होता. तू चुलीपुढे बसली आहेस, तव्यावर भाकरी आहे, धुराने माझे डोळे चुरचुरताहेत. मी विचारतो, "आई, माझे प्रत्याहरण का झाले नाही?" तू म्हणतेस, "काय का न्हाई झालं?" मी खाली उतरतो. "मला परत का नेलं नाही त्यांनी?" भाकरी उलटायची राहते आणि करपते. तुझ्या हातची भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही. मग तू तव्याकडे बघतच म्हणालीस, "त्यानला इचार. जायाचं तर जा. म्या काय दाव्यानं बांधलाय व्हय तुला? पर जेवून जा." मी जेवलो आणि गेलो नाही. पुढे तू गेलीस, पाठोपाठ आप्पा गेले. आणि तुमच्या पश्चात चौकशीला जाणे म्हणजे घरधनी बाहेर पडल्यावर त्यांच्या ट्रंका उचकण्यासारखे वाटू लागले.

प्रयत्न केलाच नाही असे नाही. एका सुटीत नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याच्या गाडीत बसलो. मार्गासनीला धैर्य संपले, तेथेच उतरलो, चहा घेतला आणि परतीच्या गाडीने घरी आलो. तुझी सून उंबऱ्यातच म्हणाली, "चहा घरीही करते हो मी." तुझ्यासारखीच आहे ती. थोडके बोलते आणि वर्मी बोलते.

मात्र गेल्या महिन्यात माझा नाइलाज झाला. विंझरचे एक शेतकरी मुलाचे नाव शाळेत घालायला आले होते. काम उरकले, नमस्कार झाला, आणि जाता जाता ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या शेजारच्या आक्का इचारत हुत्या, कोंड्याचा मास्तर बरा हाय का म्हून. त्ये तुमीच का?" जे गूढ मी हृदयाच्या गुहेत निहित करून ठेवले होते ते वेल्हे खोऱ्यात बांधावर बसून बोलले जात होते! आता न जाण्यालाही काही प्रतिष्ठा उरली नाही.

काल विंझरला उतरलो तेव्हा मजपाशी एक लुगडे, एक नारळ आणि एक भाषण होते. लुगडे व नारळ उपयोगी पडले. अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत एक थोराड बाई बसली होती. मी घसा साफ करून म्हणालो, "मी भोरहून आलो आहे. आपला आणि माझा पूर्वसंबंध—" तिने वर पाहिले. "म्हाईत हाय. नाक आमच्या आबाचं हाय. बसा. न्हाई तर आसं कर, शेंगा सोलता येत्यात का तुला?" एका वाक्यात मी 'तुमी'चा 'तू' झालो. तीच ती आक्का, माझी सख्खी थोरली बहीण. मुलगे जात होते त्या घरात ती मुलगी तेवढी तगली होती. आईवडील दोघेही केव्हाच निवर्तल्याचे तिने सांगितले. माझ्यानंतर झालेला एक भाऊ जगला आणि आता डोंगरातले घर तोच पाहतो. मी शेंगा सोलत होतो. खाली मान घालून विचारायला शेंगा फार सोयीच्या असतात. विचारले, "मला न्यायला कुणी का आलं नाही?"

"आलो न्हाई?" ती उसळलीच. "आलो हुतो की! आयेनं डोस्क्यावर कोंडा आनला, पायी, आन संगं म्या. तुज्या आयेनं तुला न्हाऊ घालून, नवं कुडतं घालून, गठुडं बांधून तयार ठिवलेला; तुला कुटनं आठवायचं म्हना. दोगी समोरासमोर बसल्या. मदी कोंड्याचं सूप. तुमच्या दारात शेळी हुती बग, तिनं त्वांड घातलं आन समदा कोंडा फस्त केला."

"आणि कुणी हाकलली नाही?"

"हाकलतंय कोन? शेळी दाव्याला बांधल्याली, तिचं त्वांड सुपापातूर पोचत नव्हतं. तुज्या आयेनं पायाच्या अंगठ्यानं सूप हळूच सरकावलं. म्या बघितलं. माज्या आयेनं बी बघितलं." ती शेंग हातात धरून थांबली. "मंग आय म्हनली, कोंडाच न्हाई तर पोराला कसं न्येयाचं? तुजी आय म्हनली, व्हय की बाई, कसं न्येयाचं? आन दोगी हसाया लागल्या. लई हसल्या. मंग रडल्या."

"भोरात दुसरा कोंडा मिळत नव्हता का?"

"भोरात? ढिगानं! पर आयेनं मागितला न्हाई आन तुजीनं दिला न्हाई. वाटंत म्या रडाया लागले तर आय म्हनली, हितं जगलाय, हितंच ऱ्हाऊ दे. सटवाईच्या उगं ध्यानात आनून द्याया नगं."

आई, तर्कशास्त्रात या तिसऱ्या पक्षाची सोय नाही. मी टाकलेला नव्हतो; चोरी झाली होती, पण ती धनिणीच्या डोळ्यांदेखत, तिच्या संमतीने, आणि वर दोघींनी पोटभर हसून. गाठोडे बांधून ठेवण्याइतकी तू प्रामाणिक होतीस आणि ते उचलले जाऊ न देण्याइतकी अप्रामाणिक. आणि ती दुसरी, जिचा चेहरा मला आता कधीच दिसणार नाही, ती डोक्यावर ओझे घेऊन एवढी वाट चालत आली आणि मोकळे सूप घेऊन परत गेली. तिच्याविषयी काही भव्य लिहावे म्हणून मघापासून बसलो आहे. एकही समास जुळत नाही. बहिणीने भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली. जेवून तिच्या पडवीत जरा लवंडलो, तो असा गाढ झोपलो की दुपारची एसटी शिंग फुंकून निघून गेली तरी जाग आली नाही. इतकी स्वस्थ झोप मला भर दिवसा परगावी कधी लागल्याचे स्मरत नाही. उठलो तर तिने माझ्या अंगावर घोंगडी घातलेली होती आणि शेजारच्या बायका मला बघून जात होत्या.

हे पत्र कोठे धाडणार? घडी घालून शब्दकोशात ठेवीन. घरात तो दुसरे कुणी उघडत नाही. फक्त एक गोष्ट नमूद करतो. माझे कान उत्तम आहेत. तरीही, "एसटीच्या घरघराटाने दडे बसलेत, नीट ऐकू आलं नाही," असे सांगून त्या अंगठ्याचा भाग मी बहिणीकडून पुन्हा वदवून घेतला. आणि तिने, बहुधा सगळे ओळखून, तो आधीपेक्षा सावकाश सांगितला.