अण्णांची मूठ

अण्णा, तुम्ही गेल्यावर तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं त्या सकाळी तुमची उजवी मूठ वळलेली होती. मी सातवीत होतो, दाराशी उभा राहून तीच बघत होतो. मग कपडे बदलायचे म्हणून काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं, आईलासुद्धा, आणि दार लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा तुमची बोटं सरळ होती. मुठीत काहीतरी होतं आणि ते काकांनी घेतलं, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे कधी ते मालेगावहून आले, की माझी नजर त्यांच्या खिशांवर असायची. त्यांनी आणलेला खाऊसुद्धा मी आधी हुंगून बघायचो.

आता मी गंगापूर रोडला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनीस आहे. बारावी राहिली ती राहिलीच. परवा तिथल्या मॅडमना विचारलं, मेल्यावर मूठ का वळते? "वळत नाही," त्या म्हणाल्या, "जशी असते तशी अडकते." आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत सरकवून दाखवू लागल्या. स्नायूत जाड आणि बारीक तंतू असे एकमेकांत बसलेले असतात. मेंदूचा निरोप आला की आत कॅल्शियम सुटतं, बारीक तंतूवरच्या झाकलेल्या जागा उघड्या पडतात, जाड तंतूची डोकी तिथे पकड घेतात आणि ओढतात. पकडलेलं सोडायला मात्र दर वेळी एटीपी नावाचं इंधन त्या डोक्याला येऊन चिकटावं लागतं. माणूस गेला की ते संपत जातं, कॅल्शियम पाझरत राहतं. डोकी धरतात, पण सोडू शकत नाहीत. पुढे तंतूच झिजू लागले की हात सैल पडतो. मॅडम माझी समजूत काढत असतील, असं वाटलं. जीवशास्त्राचं पुस्तक मिळवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तेच होतं.

मग काकांना फोन लावला. अण्णांची मूठ उघडताना जोर लागला का, म्हणून विचारलं. पलीकडे यंत्रमागाचा खडखडाट चालू होता. "लय लागला," ते म्हणाले. "बोटं मोडत्यात का काय असं वाटलं. तुझ्या आईला ते दिसाया नको, म्हणून दार लावलं." आणि लगेच विचारलं, जेवलास का.

जेवलो, म्हणालो. मूठ रिकामी होती का, हे अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. पुन्हा कधी विचारणार नाही, एवढं मात्र खात्रीनं लिहवत नाही, अण्णा.