पॅसेजमधलं चौथं चित्र

ती. स्व. मावशी,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या अर्धाच, उरलेला भेटीत). तुझा गुडघा कसा आहे? काकांना ऐकू न येणं पूर्वीइतकंच सोयीचं आहे ना?

घराला रंग लावण्याआधी सगळी अडगळ काढून टाकणार, असं लिहिलंयस. छान. पण हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय पॅसेजमधल्या भिंतीला कुणाला हात लावू देऊ नकोस, तुला माझ्या गळ्याची शपथ.

झालं असं, की हिने रविवारी मला जुन्या स्वेटरांचं बोचकं देऊन जुन्या वस्तूंच्या दुकानात पिटाळलं. 'देऊन या, घेऊन येऊ नका,' असं दोनदा बजावलं (मागच्या खेपेला मी आमचाच दिलेला टेबललॅम्प विकत आणला होता). निमूटपणे बोचकं देऊन निघालोच होतो, तर एका तडकलेल्या आरशाला टेकून तीन चित्रं उभी दिसली. लाकडी ठशांनी छापलेली. एकच नदी, धक्क्याला बांधलेली एकच रिकामी होडी. एकात धुकं, दुसऱ्यात ऊन, तिसऱ्यात बर्फ. मावशी, ते धुकं पाहून मी नकळत चष्मा पुसला. पुसूनही धुकं तसंच! भिंग काढलं (कवळ्या बनवणाऱ्याच्या खिशात रुमाल नसेल, पण भिंग असतंच), तर पाण्यावर लाकडाच्या रेषा जशाच्या तशा उमटलेल्या. कुणीतरी एकेका रंगासाठी वेगळी फळी कोरून, एकावर एक, केसभरही न हलू देता हे छापलंय. मी जन्मभर खोटे दात बसवतो, केसभर चुकलं की काय होतं ते मला विचार. आणखी जवळून बघायला शेजारच्या इस्त्रीच्या घडीच्या टेबलावर टेकलो, ते मिटलं, आणि खाली पडल्या पडल्याही मी चित्रंच बघत होतो.

दुकानातल्या बाईंनी मला उठवलं आणि चित्राखालचा पेन्सिलीतला बारीक आकडा दाखवला: चाळीस प्रतींतली सातवी. "चारांचा संच आहे हो, चौथं हरवलंय. बहुतेक पाऊस असणार त्यात." म्हटलं, "पाऊसच आहे." कारण ते मला पाठ आहे. तू ते पॅसेजमधली ओल आलेली भिंत झाकायला टांगलंयस, आणि माझ्या चेंडूने त्याची काच फुटली तेव्हा आठवडाभर रोज तासभर मला त्याच्याकडे तोंड करून उभं केलं होतंस. त्याच्या कोपऱ्यातला सातचा आकडा मला माझ्या हजेरी क्रमांकापेक्षा पक्का आठवतो. इतकी वर्षं ही भावंडं एकमेकांवाचून राहिली!

तिन्ही घेऊन आलो. ही दारातच तोंड उघडणार होती. मग तिने चित्रं पाहिली, माझं भिंग मागून घेतलं आणि चहा गार होईपर्यंत परत दिलं नाही (लग्नाला बावीस वर्षं झाली, हे प्रथमच).

काकांना नमस्कार, जरा मोठ्याने.

तुझा,
कवळीवाला भाचा

ता. क. चौथं चित्र मला देशील का? ओल झाकायला आमचा लग्नातला फोटो पाठवतो. आकार तोच आहे.

आणखी एक ता. क. दुकानातल्या तिन्ही होड्या रिकाम्या आहेत. तुझीही रिकामीच होती. होडीतल्या ज्या छत्रीवाल्याकडे बोट दाखवून तू पाहुण्यांना सांगतेस, 'एवढ्या पावसात कसा शांत बसलाय, नाहीतर आमचा भाचा,' तो मीच काढलाय. काच नव्हती, खिशात पेन्सिल होती, आणि तासभर एकट्याला उभं राहवत नव्हतं. म्हणजे आता संच जुळला तरी जाणकार नाक मुरडणार. ते चित्र जगात फक्त तुझ्या-माझ्या कामाचं उरलंय. तुला देववत नसेल तर राहू दे, ही तीनच तुझ्याकडे घेऊन येतो. चारही लाव, आणि मला तासभर समोर उभं कर.