सासूच्या हातची गोळी

४ नोव्हेंबर
शिंपीणकाकूंच्या सुनेचं रक्त फक्त ७.४! पाचवा महिना लागलाय. लोहाच्या तीस गोळ्या देऊन आले होते, त्या संपल्या म्हणे. मग रक्त का वाढेना? काकूंनी मशीनवरून मानही उचलली नाही — "तीन बाळंतपणं केली मी, गोळ्यांशिवाय." सून खाली मान घालून काजं करत होती.

५ नोव्हेंबर
आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या. "नुसत्या वाटून काय उपयोग? पोटात जातात का ते बघा." कसं बघू? कुणाला मळमळतं, कुणाच्या तोंडाला गंजाची चव येते. मास्तरीणबाईंनी तर गुलाबाच्या कुंडीत पुरल्या. गुलाब मात्र टवटवीत!

८ नोव्हेंबर
युक्ती केली. गोळ्या काकूंच्याच हातात दिल्या. "दुपारच्या जेवणानंतर रोज एक. तुमच्यावर सोपवते." काकू जरा ताठ बसल्या. "माझ्याकडून खाडा व्हायचा नाही."

९ डिसेंबर
७.५. महिनाभरात एवढंच! माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "काकू, पोरीच्या जिवावर उठलात का?" काकूंची कात्री हातात तशीच. एक बाई न शिवलेलं कापड परत घेऊन गेली.

१० डिसेंबर
जास्तच बोलले का? पण गेल्या वर्षी कुंभारीण बाळंत झाली, तिचं रक्त थांबलंच नाही. तिच्याही घरी मी गोळ्या देऊन आले होते. नुसत्या देऊन.

१२ डिसेंबर
सून दवाखान्यात आली, एकटीच. दार लोटून घेतलं.

"सासूबाईंना बोलू नका, ताई. त्या रोज देतात. पाणीसुद्धा त्याच देतात. मीच गालात धरते आणि मोरीत थुंकते."

का गं?

"माझी बहीण घ्यायची ह्याच गोळ्या. बाळ मोठं झालं, अडलं. दोघंही गेली."

इतके दिवस मी सासूशीच बोलत राहिले. पोटुशी कोण, आणि विचारतेय कुणाला! तासभर समजावलं — गोळीनं बाळ अडत नाही, अंगात रक्त भरतं. बाळंतपणासाठी मोठ्या दवाखान्यात आधीच नाव घालू. त्या दिवशी मी सोबत येईन. पुष्कळ रडली. मग डबा उघडला, चार घास खाल्ले आणि माझ्यासमोर गोळी गिळली.

१५ डिसेंबर
काकूंची माफी मागायला हवी. आज वेळ झाला नाही. खरं म्हणजे धीर झाला नाही.

१० जानेवारी
८.९!! आता मात्र काकूंकडे गेले. माफी मागितली, सुनेनं काय सांगितलं तेही सांगितलं.

काकू म्हणाल्या, "ठाऊक होतं. मोरी मीच धुते ना. रोज वाटायचं, आज गिळेल. बहीण गेलेली पोर — तिला तुमच्या तोंडी कशी देऊ?"