बगदाद, बैरुत आणि वांगी

१९ जुलै १९५८, अमरावती

वादविवादाच्या बाजू वाटल्या. विषय — 'अरब देशांत लोकशाही यावी म्हणून परक्या सत्तांनी मदत करावी.' मी बाजूने, माझ्या खोलीतली सुभद्रा विरुद्ध. बगदादचा राजा गेला, बैरुतला अमेरिकन फौज उतरली. पेपरात मुद्देच मुद्दे. बक्षिसाची ढाल माझीच!

सुभद्रा पातूरची, फटकळ. म्हणते, "त्या राजाच्या घराण्याले गादीवर बसवलं कोनं? इंग्रजायनंच ना? ते पयले सांग, शालू."

म्हटलं, स्टेजवर विचार.

२१ जुलै

पुन्हा वांगं. सलग नववा दिवस! होस्टेलची मेस म्हणजे स्वयंपाकीण मैनाबाईचं राज्य. ती रांधेल ते गिळायचं. आम्ही बावीसजणींनी मतं देऊन भाजी ठरवावी, असं मी मांडलं. सगळ्या खूश.

"मैनाबाईले इचारून तं पाय," सुभद्रा म्हणाली. राज्य करणारीला काय विचारायचं? थेट रेक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पाठ थोपटली.

२४ जुलै

रेक्टरबाईंनी मदत केली — मैनाबाईला काढूनच टाकलं. मी हे कुठे मागितलं होतं? तिच्या जागी त्यांच्या ओळखीची बाई आली. मतदानाचं विचारलं, तर रेक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला अजून कळत नाही, पुढे बघू."

भाजी वांग्याचीच.

सुभद्रा हसून लोळली. मीही हसले. पण माझ्यापायी बाईचं काम गेलं.

२ ऑगस्ट

ढाल मिळाली. परकी फौज म्हणजे आग विझवायला धावलेला शेजारी, असं ठोकून दिलं. टाळ्याच टाळ्या. सुभद्राने तोच राजाचा प्रश्न विचारला. मी हसण्यावारी नेला.

३ ऑगस्ट

ढालीकडे बघवेना. सुभद्राला घेऊन मैनाबाईच्या घरी गेले, माफी मागितली. तिने आधी भाकर-ठेचा पुढे केला. मग म्हणाली, "मले काहून नाई इचारलं, पोरी? मलेई वांग्याचा वीटच आला होता."

म्हटलं, तुलाही? मग रांधत का होतीस?

"उद्या दाखवतो."

४ ऑगस्ट

सकाळीच मैनाबाई डबा घेऊन आली. आत भाजीबाजारात दाखवायच्या चिठ्ठ्या, तिच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांच्या. तिला वाचता येत नाही, मी वाचल्या. रोज वांगी. अक्षर रेक्टरबाईंचं.

ढाल सुभद्राच्या खाटेवर ठेवली. आता सगळ्या रेक्टरबाईंकडे निघालोय — मैनाबाई पुढे, मी सगळ्यांत मागे.