सुतळीचा मका

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तो कागदावरच घालतो). वहिनींचा गुडघा आणि तुमचा रक्तदाब, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. रक्तदाबाची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या आणि मगच पुढे वाचा. मी स्वतः अजून हादरलेलाच आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, बाजारात मक्याचा भाव पडला की ठरलेल्या भावापर्यंतचा फरक सरकार देतं. यंदा भाव असा काही कोसळला की गावात जो तो खुशीत. (आपला माल स्वस्त झाला म्हणून हसणारी माणसं मी प्रथमच पाहिली.) त्या अनुदानातून आमचा जळालेला पंप बदलायचा होता. अट एकच, साहेब पाहणीला येतील तेव्हा पीक रानात उभं हवं. आता तुमची भावजय. पाहुणे चहा पीत असतानाच त्यांच्या चपला दारात सरळ करून ठेवणारी बाई ती. शेजाऱ्याकडची कापणीची माणसं मोकळी दिसली म्हणून तिने पाहणीच्या आधीच सगळा मका कापून घेतला. मी बाजारातून परतलो तर रान सपाट. ती म्हणाली, "कधीतरी कापायचाच होता ना?"

तरी मी धीर सोडला नाही. इथले साहेब (सगळे त्यांना 'जीपमहाराज' म्हणतात) वर्षानुवर्षं गाडीतून उतरलेले नाहीत. काच खाली, मान डोलावली, काच वर, झाली पाहणी. तेव्हा रस्त्याकडेची एक ओळ उभी असली की पुरे. मी पहारीने भोकं पाडली, तुमच्या भावजयीने त्यांत धाटं रोवली आणि तोडलेली कणसं सुतळीने पुन्हा जागच्या जागी बांधली. खोटं कशाला सांगू, मूळ पिकापेक्षा देखणं दिसत होतं.

आणि दादा, जीपमधून उतरली एक तरुण मुलगी. जीपमहाराज रजेवर. ही बूट चिखलात घालून थेट रानात. तिने दाणे बघायला एक कणीस धरलं, ते निघेना (गाठ तुमच्या भावजयीची). तिने जोर लावला, तर कणसासकट धाटच हातात आलं. तिने सुतळी पाहिली, मागचं सपाट रान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "काका, ही कुठली जात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सुधारित."

घरात येऊन ती पाणी प्यायली, सोमवारी अहवाल पाठवते म्हणाली आणि ते धाट पुरावा म्हणून जीपमध्ये घालून घेऊन गेली. खिडकीतून कणीस डोलताना लांबपर्यंत दिसत होतं.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा

ता. क. : पाणी पिताना तिची नजर भिंतीवरच्या फोटोत तुमच्या चिरंजिवांवर अडली. गोळी घेतली ना? त्यांनी पसंत केलेली, जिचं नाव तुमच्या घरात काढायचं नाही, ती हीच.

ता. क. २ : तिच्या खात्याचा नियम आहे, नातलगाच्या रानाची पाहणी करता येत नाही. मग ते काम जीपमहाराजांकडे जातं. तेव्हा 'मुलगी नको तिथे खोलात शिरते' हा तुमचा आक्षेप (मला तो आता पूर्ण पटला आहे) गिळून टाका आणि सोमवारच्या आत लग्नाला होकार कळवा.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना कळलं की तुमच्या भावजयीने तुमचा होकार तिला कालच कळवून टाकला. पोरीला रडू आवरेना म्हणे. मग डोळे पुसून म्हणाली, नातं जुळलं की मला यावर सही करता यायची नाही. म्हणून तिने सोमवारची वाट न पाहता अहवाल तिथल्या तिथे धाडून दिला. तेव्हापासून तुमची भावजय तिचं कौतुक करताना थकत नाही. पंप गेला, दादा. आता सून तरी जाऊ देऊ नका.