आट्यांखालची रेघ

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

औशाच्या कांबळेबाईंचं पेन दुपारी लेथवर पुरं झालं. संगमरवरासारखं पांढरं रेझिन, आत राखाडी शिरा. त्यांची लेक उद्या न्यायाधीश म्हणून रुजू होतेय, पहिली सही याच पेनानं करायचीय तिला.

पण टोपण फिरवून बसतं त्या आट्यांखाली, पेनाच्या अंगावर, एक बारीक रेघ. शिरेचीच असेल? भोक पाडताना रेझिन तापतं, मधेमधे थांबावं लागतं. मी थांबलो नाही. बाई संध्याकाळच्या बसनं पेन न्यायला येणार, तेच डोक्यात होतं.

रेघेवरून नख फिरवलं. लागलं नाही. पॉलिशनंतर भेग तरी कुठं नखाला लागते?

बायको म्हणाली, "लई देखणी रेघ हाय. मुद्दाम ठेवली का?" मी हो म्हणालो. का म्हणालो?

मग बाई आल्या. त्याच रेघेवर बोट फिरवत म्हणाल्या, "खरा दगडच वाटायलाय. शाई भरून द्या की."

या पेनात शाई थेट पोटात ओततात. ड्रॉपरनं निळी शाई ओतली, निबाकडचा भाग घट्ट फिरवून बसवला, पेन बाईंच्या हातात दिलं. त्यांचं बोट पुन्हा तिथंच गेलं. मी त्या बोटाकडंच बघत होतो.

बाईंनी बोट उचललं. बोटाचं टोक निळं झालं होतं.